पाठीचा घसारा

फॉर्मला सात रकाने होते. नाव, हुद्दा, शाखा, अपघाताचे ठिकाण, अपघाताची तारीख व वेळ, साक्षीदार आणि शेवटी शाखाधिकाऱ्याचा अभिप्राय. पहिले चार रकाने मी स्वतःच भरले. पाचव्यापाशी आलो आणि टेबलापलीकडे उभ्या असलेल्या शिपाईमामांना विचारले, "मामा, तारीख कोणती टाकू?" मामा उभेच होते, कारण महिनाभर त्यांना खुर्चीवर बसवत नव्हते. ते म्हणाले, "कोणती तारीख सांगू साहेब? येकोणीस सालं झाली, रोजच उचलायलोय की."

ही १९९६ सालची गोष्ट. आमची शाखा अंबाजोगाईपासून पंधरा-वीस किलोमीटरवरच्या एका बाजाराच्या गावी होती. आजच्या तरुण बँकवाल्यांना खरे वाटणार नाही, पण संगणक येण्यापूर्वी बँक हा मुख्यतः वजनाचा कारभार होता. एकेक लेजर आठ-दहा किलोचे. अशी तीसेक लेजरे सकाळी स्ट्राँगरूममधून काउंटरवर यायची आणि संध्याकाळी, आग लागली तर सुरक्षित राहावीत म्हणून, पुन्हा आत जायची. म्हणजे एका माणसाच्या हातून दिवसाला अर्धा टन कागद हलायचा. शिवाय नोटांचा लोखंडी पेटारा. शिवाय चिल्लर. पाच रुपयांचे ते जुने जाड नाणे आठवते का? नऊ ग्रॅमचे होते. अडीच हजार नाण्यांची एक थैली धरली तर ती साडेबावीस किलोची होते. आम्ही अधिकारी मंडळी नाणी मोजायचो, त्यांच्यावर सह्या करायचो, चावीच्या जोडीने कुलूप लावायचो. ती उचलण्याचे काम मामांचे.

पाचव्या रकान्यात मी काही लिहिले नाही. सातव्यात मात्र लिहिले : "अपघाताची निश्चित तारीख उपलब्ध नाही. सबब शिफारस करता येत नाही." नियमाप्रमाणे ते बरोबर होते. मामांनी खाली वाकून, म्हणजे वाकता येईल तेवढे वाकून, त्यावर सही केली आणि लेजरे आत ठेवायला निघून गेले.

दोन वर्षांनी माझीही कंबर धरली. मी काही उचलले नव्हते. पंधरा वर्षे लाकडी खुर्चीत पोक काढून बसण्याचा तो प्रसाद होता. मला तीन आठवडे रजा मिळाली, पुण्याला नेऊन एमआरआय झाला, पट्टा मिळाला, बिले मंजूर झाली. अपघाताची तारीख मला कोणी विचारली नाही.

कंबरेचे दुखणे आपल्याकडे घरोघरी आहे, म्हणूनच त्याला कोणी दुखणे मानत नाही. उसण भरली, लचक भरली, चमक निघाली, कंबर धरली, असे शब्द भाषेत किती आहेत पाहा; पण सगळ्या शब्दांत हे काहीतरी अचानक झाले आणि अचानक जाईल अशी समजूत आहे. उपायही तसेच. माझ्या लहानपणी आमच्या गल्लीत एक पायाळू बाई होत्या. जन्माच्या वेळी पाय आधी आलेला माणूस तो पायाळू, आणि पायाळू माणसाने कंबरेला पाय लावला की उसण जाते, असे मानत. हमाली करणारे दोघे-तिघे सकाळीच त्यांच्या ओट्यावर पालथे पडलेले मी पाहिले आहेत. मग बिब्बा, निरगुडीचा शेक, एरंडेल, आणि तेही हरले की दुखणे अंगावर काढणे. हा शेवटचा उपाय आमच्या मराठवाड्यात सर्वांत जास्त वापरला जातो.

खरा प्रकार अचानक होत नाही. पाठीच्या कण्यात मणके एकावर एक रचलेले असतात आणि दोन मणक्यांमध्ये एकेक गादी असते. बाहेरून चिवट धाग्यांचे कडे, आत मऊ गर. ताठ उभे असताना भार गादीवर सारखा पडतो. पुढे वाकलो की गादीची पुढची कड दाबली जाते आणि मागची ताणली जाते. त्यात हाताशी वजन असेल तर शाळेत शिकलेली तरफ आठवावी. वजन कण्यापासून चाळीस सेंटीमीटर पुढे, आणि ते तोलून धरणारे पाठीचे स्नायू कण्यापासून जेमतेम पाच सेंटीमीटर मागे. म्हणजे पंचवीस किलो उचलताना स्नायूंना त्याच्या आठपट ओढावे लागते आणि तो सारा दाब मधल्या गादीवर येतो. वरच्या धडाचा भार त्यात धरलेलाच नाही. स्वीडनचे डॉ. अल्फ नाकेमसन यांनी १९६०च्या दशकात जिवंत माणसांच्या गादीत सुई घालून हा दाब प्रत्यक्ष मोजला. नुसते उभे राहण्यापेक्षा नुसते पुढे वाकण्यानेच तो दीडपट होतो, असे त्यांना आढळले.

एकदा वाकल्याने काही होत नाही. हजारदा वाकल्यानेही बहुधा नाही. पण कड्याचा एकेक धागा उसवत जातो, सुती दोर रहाटावर झिजतो तसा, आणि एके दिवशी मुलाची चप्पल उचलायला वाकावे तर आतला गर मागे सरकून पायाकडे जाणारी नस दाबतो. मग कंबरेपासून टाचेपर्यंत वीज खेळते. पायाच्या या दुखण्याचे मूळ सरकलेल्या गादीत असते हे बोस्टनच्या मिक्सटर आणि बार या दोन सर्जननी १९३४ साली दाखवून दिले. त्याआधी लोक संधिवात, थंडी, वारा यांना दोष देत. माणूस सांगतो, "चप्पल उचलताना झालं." बँकही तेच लिहून घेते. चपलेने काही केलेले नसते.

आमच्याकडे बाजाराला मोंढा म्हणतात. मोंढ्यात आडत्या गादीवर बसतो. ती गादी आजोबांकडून नातवाकडे जाते आणि तिच्या जागेला मोल असते. समोर हमाल पोते वाहतो, आणि त्याची गादी सरकते. एकाच शब्दाचे हे दोन अर्थ शेजारी शेजारी नांदतात आणि कोणाला त्यात काही वाटत नाही. मलाही वाटत नव्हते. माल-तारण कर्जाच्या तपासणीला मी गोदामात जायचो, थप्प्या मोजायचो. आठ पोती आडवी, दहा उंच. दहाव्या थरापर्यंत ते पोते कोणी नि कसे नेले, हा प्रश्न तपासणीच्या फॉर्ममध्ये नव्हता. माझ्या कादंबऱ्यांतही हमाल येतात. पण खरे सांगायचे तर ते मागच्या बाजूला येतात, मोंढा मोंढ्यासारखा दिसावा म्हणून.

शेतकऱ्याला मिळणाऱ्या हिशेबपट्टीवर हमाली आणि तोलाई यांच्या ओळी असतात. हमालीचा आकडा शेतकऱ्याच्या डोळ्यांत खुपतो, तेही मला ठाऊक आहे. बापाबरोबर ज्वारी विकायला मी गेलेलो आहे. पण त्या ओळीमागचे गणित करून पाहा. पूर्वीचे पोते क्विंटलचे, म्हणजे शंभर किलोचे. दोघे जण उचलून देणार आणि तिसऱ्याने ते पाठीवर घेऊन चालायचे. हंगामात दिवसाला शंभर पोती धरली तर दहा टन. वर्षातले अडीचशे दिवस धरले तर अडीच हजार टन. तीस वर्षांत पंचाहत्तर हजार टन. एवढे धान्य ज्या पाठीवरून गेले त्या पाठीचा मालक साठीला मोंढ्याच्या बाहेर चहाच्या टपरीपाशी बाकाचा आधार घेऊन उभा असतो. तोही बसत नाही.

शंभरचाच आकडा का? काट्यावर सोपा, वहीत सोपा, भाव क्विंटलचा म्हणून पोतेही क्विंटलचे. माणसाची पाठ मोजून तो कोणी ठरवला नव्हता. साखर कारखान्यांत अजून उत्पादन क्विंटलच्या पोत्यांत सांगतात. हंगामाच्या सुरुवातीला पहिल्या अकरा पोत्यांची पूजा होते, फोटो छापून येतात, अध्यक्ष आणि संचालक पोत्यांच्या मागे उभे असतात. पोत्याला हळद-कुंकू लागते.

पाठ मोजून आकडे ठरवण्याचे काम जगात झालेले आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ साली सांगितले की एका प्रौढ पुरुषाने हाताने वाहायचे ओझे ५५ किलोंपेक्षा जास्त असेल तर ते लवकरात लवकर तेवढ्यावर आणावे, बायकांसाठी त्याहून पुष्कळ कमी. अमेरिकेच्या संस्थेने १९९१ मध्ये उचलण्याचे एक सूत्र बसवले. सगळे अनुकूल असेल, म्हणजे वजन अंगाजवळ, कंबरेच्या उंचीवर, धरायला नीट आणि मध्ये विश्रांती, तरच २३ किलो. वजन जमिनीवरून उचलायचे असेल, अंगापासून दूर असेल, वळावे लागत असेल, तर प्रत्येक कारणाने आकडा खाली येतो.

ज्यांची मुले परदेशी आहेत त्यांना तेवीसचा आकडा ओळखीचा वाटेल. विमानाच्या बॅगेचे वजन बहुधा तेवढेच असते. आमच्याकडेही मुलगी निघाली की रात्रभर बॅग वजनकाट्यावर चढते-उतरते. पापड आत, लोणचे बाहेर. जास्तीचे पैसे भरले तरी एक बॅग ३२ किलोंच्या वर बहुतेक विमानतळांवर घेत नाहीत. मी याला विमान कंपन्यांची लबाडी समजत होतो. कारण वेगळे आहे. विमानाच्या पोटात ती बॅग एका माणसाने उचलायची असते, आणि त्याच्या कंबरेसाठी ती मर्यादा आहे. पैसे मोजूनही ती ओलांडता येत नाही.

आपल्याकडे कायदा नव्हता असे नाही. १९४८च्या कारखाने कायद्यात ३४वे कलम होते : इजा होईल एवढे ओझे कोणाकडूनही उचलून घेऊ नये. पण मोंढा हा कारखाना नव्हे, गोदाम कारखाना नव्हे, उसाचे शेत तर नव्हेच नव्हे. म्हणून महाराष्ट्राने १९६९ साली माथाडी कायदा केला, आणि या बाबतीत आपले राज्य देशाच्या पुढे होते हे अभिमानाने सांगायला हवे. माथ्यावर ओझे वाहणारा तो माथाडी. अण्णासाहेब पाटलांनी मुंबईच्या बाजारांतल्या या माणसांची संघटना बांधली, तिच्या लढ्यातून हा कायदा आला. मालकाने हमालीबरोबर वेगळी लेव्ही मंडळात भरायची आणि त्यातून हमालाचा भविष्यनिर्वाह निधी, रजा, औषधोपचार चालायचे. ज्याला एक मालक नाही त्यालाही हक्काचा पगारपत्रक असू शकतो, ही कल्पना तेव्हा नवी होती. पुण्यात डॉ. बाबा आढाव यांनी हमाल पंचायत उभी केली. नाना पेठेत दवाखाना चालवणाऱ्या या माणसाने दुखणे कुठून येते ते पाहिले आणि ओझ्याशीच भांडण काढले. पोते लहान करा ही मागणी हमालांनी वर्षानुवर्षे लावून धरली. बाबा ८ डिसेंबर २०२५ रोजी गेले, पंचाण्णव वर्षांचे होऊन. आज पन्नास किलोचे पोते सर्रास दिसते, त्यामागे कोणाचे काय वेचले गेले हे पोत्यावर छापलेले नसते.

एक गंमत सांगतो. युरियाची गोणी २०१८ पासून पन्नासऐवजी ४५ किलोंची झाली. हमालाच्या कंबरेचा विचार झाला म्हणावे, तर नाही. शेतकरी गोण्या मोजून खत टाकतो, तेव्हा गोणी लहान केली की खत कमी पडेल, असा तो हिशेब होता. हमालाला पाच किलोंची सूट मिळाली ती चुकून.

आता आमच्या जिल्ह्याकडे येतो. बीड जिल्ह्यात ओझ्याचे बोलायचे आणि उसाचे बोलायचे नाही, हे होणार नाही. दसरा-दिवाळी झाली की अंबाजोगाईवरून ट्रॅक्टर जाऊ लागतात. मागे दोन ट्रॉल्या, त्यांत अंथरुणे, भांडी, शेळी, कोंबड्या, पोरे. कोणी सांगली-कोल्हापूरकडे, कोणी कर्नाटकात. जाण्याआधी मुकादमाकडून पैसे घेतलेले असतात. त्या पैशाला "उचल" म्हणतात. आयुष्यभर कर्जे वाटली, पण अॅडव्हान्सला इतका नेमका शब्द बँकेच्या कुठल्याही मॅन्युअलमध्ये मला सापडला नाही. उचल घ्यायची आणि ती फिटेपर्यंत उचलत राहायचे.

नवरा-बायको मिळून एक कोयता. माणसांना हत्याराचे नाव. ऊस बुडख्याशी तोडायचा, म्हणजे तोडताना कंबर पूर्ण वाकलेली. मग पाचट काढायचे, मोळी बांधायची, डोक्यावर घ्यायची आणि ट्रॉलीला लावलेल्या अरुंद फळीवरून वर चढवायची. जोडीने दिवसाला दोन टन धरू आणि मोळी तीस किलोंची धरू. साठ-पासष्ट मोळ्या झाल्या, आणि प्रत्येक मोळी दोनदा उचलली जाते, एकदा जमिनीवरून डोक्यावर, एकदा डोक्यावरून गाडीत. हंगामाचे १२० दिवस म्हणजे २४० टन, आणि वीस हंगामांत ४,८०० टन. गाडी केव्हा येईल ते जोडीच्या हातात नसते. रात्री दोनला आली तर दोनला भरायची. शरीराचे शास्त्र इथे आणखी एक वाईट बातमी देते. झोपेत कण्याच्या गाद्या पाणी पितात आणि फुगतात. सकाळी आपण संध्याकाळपेक्षा सेंटीमीटरभर उंच असतो ते यामुळे. अशा फुगलेल्या गादीवर उठल्या उठल्या वाकण्याचा ताण जास्तच पडतो. आणि थंडीच्या पहाटे झोपेतून उठवून हीच माणसे फळी चढतात.

मजुरी टनावर. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीचे दर ३४ टक्क्यांनी वाढले ते चांगलेच झाले. पण टनावर मजुरी असली की मोळी जड बांधणे हाच शहाणपणा ठरतो, खेपा वाचतात म्हणून. कोणी चाबूक घेऊन उभे नसते. दराच्या रचनेतच चाबूक असतो. आणि दुखावले तर विचारायचे कोणाला? कागदोपत्री हा कामगार कारखान्याचा नाही. कारखान्याचा करार वाहतूकदाराशी, त्याचा मुकादमाशी, मुकादमाचा तोंडी.

बायकांचे आणखी वेगळे. २०१९ मध्ये आमच्या जिल्ह्यातल्या ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांची चर्चा देशभर झाली. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. ८२,३०९ बायकांची पाहणी झाली, त्यांतल्या १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले निघाले. त्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. मला एकच गोष्ट नोंदवायची आहे. त्यांतल्या कित्येक जणी दवाखान्यात गेल्या तेव्हा तक्रारीत ओटीपोटाबरोबर कंबरही होती. दिवसाला साठ मोळ्या वाहणाऱ्या बाईची कंबर दुखते म्हटल्यावर मोळीबद्दल विचारावे, हे किती जणांना सुचले असेल? गर्भाशय काढल्याने सरकलेली गादी जागेवर येत नाही. पुढच्या हंगामात कंबर तशीच राहिली, फक्त उचल वाढली, कारण शस्त्रक्रियेचा खर्च त्यात मिळवला गेला.

कर्ज अधिकारी म्हणून मी ट्रॅक्टरची शेकडो प्रकरणे केली. यंत्राला घसारा असतो. आयकरात ट्रॅक्टरसारख्या यंत्राला वर्षाला १५ टक्के घसारा धरतात. यंत्र वापराने झिजणारच, तेव्हा दरवर्षी तेवढी रक्कम खर्चात टाकायची आणि नवे घेण्याची तजवीज ठेवायची, हा व्यापाराचा साधा धर्म आहे. आता ऊसतोडणीची यंत्रे आली आहेत, एकेक कोटीच्या घरातले. त्यांचाही घसारा पहिल्या दिवसापासून वहीत पडतो. कोणी म्हणत नाही की हे पाते नेमके कोणत्या तारखेला झिजले ते सांगा, नाहीतर घसारा नामंजूर. मी लोखंडाचे झिजणे न विचारता मान्य करत होतो आणि मामांच्या झिजण्याला साक्षीदार मागत होतो. हे माझ्या लक्षात यायला निवृत्ती यावी लागली.

लोक सोपे उपाय सांगतात. "उचलताना कंबरेत वाकू नका, गुडघ्यात वाका." शिबिरे भरतात, भिंतीवर चित्रे लागतात. सल्ला चुकीचा नाही. घरात बादली उचलताना जरूर पाळावा. पण जगभरच्या अभ्यासांचा एकत्र आढावा २०११ साली घेतला गेला तेव्हा, उचलण्याची पद्धत नुसती शिकवल्याने कामगारांची पाठदुखी टळते असा पुरावा मिळाला नाही. कंबरपट्ट्याचेही तेच. अमेरिकेत दुकानांत माल हलवणाऱ्या कामगारांची मोठी पाहणी २००० साली प्रसिद्ध झाली. पट्टा बांधणारे आणि न बांधणारे यांच्या पाठदुखीत फरक दिसला नाही. शंभर किलोचे पोते कसे उचलावे, याला उत्तर एकच : उचलू नये. पोते लहान हवे, जमिनीवर नको, कंबरेच्या उंचीच्या ओट्यावर हवे, आणि लांब न्यायचे असेल तर चाके हवीत. ढकलगाडीचा शोध लागून बरीच शतके झाली आहेत.

हा लेख लिहायचे ठरवले तेव्हा मामांना विचारायला गेलो. आता सत्तरी ओलांडली आहे. दारातच भेटले, उभे. त्या कागदाची आठवण मी काढली. ते विसरले असतील अशी माझी, थोडी भाबडी, आशा होती. "ध्यानात हाय की," म्हणाले. "तुमचा काय दोष? रकानाच तसा व्हता." मी म्हणालो, लिहू का हे? "लिव्हा. पर नाव नका घालू. पोरगं मोंढ्यात हमाली करतंय." कोणत्या मोंढ्यात ते मीही सांगत नाही.

मी विचारले, आता तर पन्नासचे पोते आहे ना? बरे पडत असेल.

"पन्नासचंच हाय. पोरं दोन-दोन घेतात." म्हणाले आणि हसले. "पोत्यामागं पैसं. दोन घेतली की खेप वाचती."

पन्नास वर्षे झगडून शंभराचे पन्नास झाले आणि मजुरी पोत्यामागे राहिली म्हणून पन्नासाचे पुन्हा शंभर झाले. यात त्या पोरांना दोष देण्यात अर्थ नाही. त्यांच्या वयात पाठ हे भांडवल असते आणि भांडवल कोणी पडून ठेवत नाही. माझ्याच बँकेत मी तेच सांगायचो. दर असा हवा की एकेक पोते नेऊनही दिवस भरावा, आणि एका वेळी एकच पोते हा नियम काट्याजवळ लिहिलेला हवा, वजनाच्या पाटीशेजारी.

आमच्या गावात स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नावाचे ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे. ट्रॅक्टर सुटण्याआधी एकदा आणि पाडव्याला परतल्यावर एकदा, उसाला जाणाऱ्या माणसांच्या पाठीची तपासणी होऊन कार्डावर नोंद झाली, तर दहा वर्षांत या जिल्ह्याजवळ पाठीचे असे दफ्तर तयार होईल की नाही म्हणायची कोणाची सोय राहणार नाही. ते दफ्तर नसल्यामुळेच आज सगळे "अंगावर काढलेले" खात्यात जमा होते. आणि ज्या ज्या फॉर्मवर अपघाताची तारीख विचारतात, तिथे आणखी तीन रकाने घालावेत : किती वर्षे उचलता, एका वेळी किती किलो, दिवसात किती वेळा. बँक सोडून सात वर्षे झाली, तरी फॉर्म सुधारण्याची खोड गेलेली नाही, एवढे वाचकांनी सांभाळून घ्यावे.

घरच्या पातळीवरही आपण काही कमी नाही. तिसऱ्या मजल्यावर गॅसची टाकी येते, तिच्यात १४.२ किलो गॅस आणि जवळजवळ तेवढ्याच वजनाचे लोखंड. पोरगा ती खांद्यावर घेऊन जिन्याने येतो आणि आपण दारात सुटे पैसे नाहीत म्हणून त्याला टाकी खांद्यावरच ठेवून थांबवतो. मी थांबवलेले आहे. परवा बायकोने ज्वारीचा पन्नासचा कट्टा सांगितला होता. तो मी पंचवीसचे दोन करून आणायला सांगितला. दुकानदार म्हणाला, बारदान्याचे दहा रुपये जास्त पडतील.

बाजार समितीच्या सचिवांना एक अर्ज दिला आहे. लिलावाच्या ओळीत ट्रकच्या फळीइतका उंच ओटा बांधावा आणि प्रत्येक आडतीमागे एक ढकलगाडी असावी, एवढ्याच दोन मागण्या आहेत. अंदाजपत्रकही जोडले आहे. पोच मिळाली. उत्तर यायचे आहे.